हात पोहोचेल तेथे बटण

स्मरणिकेत सामान्यतः संस्थापकांचे कष्ट, गुरुजनांचे ऋण आणि माजी विद्यार्थ्यांचे यश यांविषयी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. या अंकातही इतर सहकाऱ्यांनी ते काम माझ्याहून चांगले केलेले असेल. संपादक मंडळाने मला ‘एखाद्या सामाजिक प्रश्नावर लिहा’ असे सांगितले, तेव्हा मला एका अगदी लहान वस्तूविषयी लिहावेसे वाटले. ती वस्तू म्हणजे भिंतीवरचे विजेचे बटण. ते जमिनीपासून किती उंचीवर असावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटेल. तरी वाचकांनी शेवटपर्यंत सोबत करावी, अशी विनंती आहे.

१९८३ ते १९८८ ही पाच वर्षे मी आपल्या वसतिगृहात काढली. एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून लोखंडी खाटा, आणि दाराशेजारी बऱ्याच उंचावर लाकडी पट्टीवर बसवलेली काळी, गोल बटणे. मुलांनी त्यांच्याशी खेळू नये म्हणून ती मुद्दाम उंच बसवलेली होती. माझी खाट दाराजवळ होती आणि शेजारची खाट मुरबाड तालुक्यातून आलेल्या एका वर्गमित्राची. लहानपणी झालेल्या पोलिओने त्याचे दोन्ही पाय अधू झाले होते. दिवसा तो कॅलिपर लावून, कुबड्यांवर चालत वर्गात येई आणि गणितात आम्हा सर्वांच्या पुढे असे. रात्री कॅलिपर काढून ठेवले की त्याला हातांवर सरकत जावे लागे. लघवीला उठायचे झाले तर तो मला हलकेच हाक मारी. मी उठून, खाटेवर चढून दिवा लावी.

एका रात्री मी जागा असूनही झोपेचे सोंग घेतले. त्याने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. त्या रात्रीनंतर त्याने मला कधीच उठवले नाही. मुलांच्या सवयी बदलतात, तशी त्याचीही बदलली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि विसरून गेलो.

पुढे वीसेक वर्षांनी माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात तो भेटला. चांगल्या सरकारी नोकरीत होता. जुन्या गोष्टी निघाल्या. मी धीर करून त्या रात्रीविषयी विचारले. तो हसला आणि म्हणाला, “तुझा काही दोष नाही रे. त्यानंतर मी संध्याकाळच्या जेवणाबरोबर पाणीच प्यायचं सोडलं. मग रात्री उठायची वेळच यायची नाही.” उन्हाळ्यातही? “उन्हाळ्यातही.”

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. त्याचे हे वाक्य ऐकताना मला सातारच्या शाळेतला एक मुलगा आठवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणीच्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. शाळेत पाण्याचा नळ होता. परंतु अस्पृश्य मुलाने तो स्वतःच्या हाताने उघडायचा नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई जागेवर नसला, तर मुलगा तहानलेलाच राही. पाणी होते, नळ होता, मुलाचे दोन हात होते. नळ आणि हात यांच्यामध्ये दुसऱ्या माणसाचा हात उभा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी स्वतःच्या ओंजळीने पाणी घेतले, त्याचा अर्थ मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी समजावून सांगतो: पाणी आपल्या हाताने घेता येणे, हा त्या लढ्याचा गाभा होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अस्पृश्यता धर्माच्या नावाने, जाणूनबुजून लादलेली होती. आपल्या वसतिगृहातील बटणे कोणी द्वेषाने उंच बसवली नव्हती. तेथे विचार केला गेला नव्हता, इतकेच. या दोन गोष्टी एक नव्हेत आणि त्यांना एक म्हणणे हा आपल्या पूर्वजांच्या यातनांवर अन्याय ठरेल. परंतु तहान दोघांचीही तहानच होती. आणि ज्या संस्थेची उभारणीच बाबासाहेबांच्या विचारांवर झाली, त्या संस्थेच्या छताखाली एका मुलाने दुसऱ्याच्या हाताची वाट पाहण्यापेक्षा तहानलेले राहणे पत्करले, ही बाब मला आजही अस्वस्थ करते. ते सोंग घेणारा मीच होतो, म्हणून अधिकच.

हा अनुभव घरातही मला चुकला नाही. २०१६ साली माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली; डावा हात चालत होता. आम्ही कल्याण पूर्वेला तळमजल्यावर राहतो. चाकाची खुर्ची आणली, दाराचा उंबरा काढला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. आपण सर्व काही केले, असे मला वाटत होते. डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी शाळेतून घरी आलो, तर घरात अंधार. आई खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. मी विचारले, “लाईट गेली का गं?” ती म्हणाली, “लाईट हाय की. माझा हात पोचत न्हाई.”

ती रोजच तशी बसत असे. त्या दिवशी मी केवळ लवकर आलो होतो, म्हणून मला कळले. पत्नी नोकरीवरून सातला येई, तीच रोज दिवा लावी. आईने तक्रार केली नव्हती आणि आम्ही कोणी विचारले नव्हते. मी पट्टी घेऊन मोजले. बोर्ड जमिनीपासून पावणेपाच फुटांवर होता. खुर्चीत बसलेल्या आईचा हात चार फुटांच्या फार वर जात नव्हता. पाऊण फुटाच्या या फरकाने एक स्त्री, जिने आयुष्यभर साऱ्या घराचा दिवा लावला, तिला रोज तासभर अंधारात बसवले होते.

दुसऱ्याच रविवारी वायरमनला बोलावले. त्याने मेन स्विच बंद करून बोर्ड सव्वातीन फुटांवर आणला, आईच्या खाटेशेजारी जिन्यात असते तसे टू-वे बटण दिले आणि दाराची बेल वाजवायचे एक बटण तिच्या उशाशी आणून ठेवले. भिंत फोडावी लागली नाही. प्लास्टिकच्या पट्टीतून तारा खाली आणल्या. काम अर्ध्या दिवसाचे आणि खर्च माझ्या एका दिवसाच्या पगाराहून कमी. त्या संध्याकाळी आईने दिवा तीनदा लावला आणि तीनदा विझवला. शेजारच्या वहिनी “लाईटला काय झालं?” म्हणून विचारायला आल्या. सोमवारी शाळेतून परतताना गल्लीच्या तोंडापासूनच आमच्या खिडकीत उजेड दिसला.

बटणाची ही उंची ठरवतो कोण, असा प्रश्न मला तेव्हापासून पडला आहे. बिल्डर म्हणतो, कंत्राटदार, कंत्राटदार म्हणतो, वायरमन, वायरमन म्हणतो, “सगळीकडे एवढ्यावरच असतं.” उभ्या, धडधाकट, प्रौढ पुरुषाच्या खांद्याची उंची ही न लिहिलेली फूटपट्टी आहे. त्या मापात लहान मूल बसत नाही, ठेंगणी बाई बसत नाही, खांदा आखडलेली म्हातारी बसत नाही, कुबडीवर उभा माणूस बसत नाही आणि चाकाच्या खुर्चीतला तर मुळीच नाही. उलट प्लगची जागा पुष्कळदा जमिनीपासून फूटभरावर असते. तेथवर वाकणे गुडघे आणि कंबर गेलेल्यांना जमत नाही. स्वयंपाकघरात बटणे ओट्याच्या मागच्या भिंतीवर असतात. दोन फूट रुंद ओट्यावरून हात पुढे नेऊन ती दाबणे खुर्चीतल्या गृहिणीला शक्य नसते. वीजप्रवाहात दोष आला की आपोआप खाली पडणारी एमसीबी दाराच्या वर असते. ती पडली की एकटा असलेला दिव्यांग माणूस घरात कोणी येईपर्यंत अंधारात.

योग्य माप कोणाला शोधून काढायचे नाही; ते कधीच ठरले आहे. केंद्र सरकारच्या अडथळामुक्त बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिव्याची बटणे ९०० ते १२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन ते चार फूट उंचीवर असावीत, असे सांगितले आहे. अमेरिकेतील नियमांत बसलेल्या माणसाच्या हाताची कमाल मर्यादा ४८ इंच, म्हणजे चार फूटच धरली आहे. ब्रिटनने १९९९ पासून नव्याने बांधल्या जाणाऱ्या घरांनाही हे नियम लावले; तेथे बटणे आणि प्लग ४५० ते १२०० मिलिमीटर या पट्ट्यात असावे लागतात. घर घेणारा आज दिव्यांग आहे का, असे तेथे विचारले जात नाही. घराचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे असते आणि तेवढ्या काळात त्या घरात कोणाचे तरी पाय थकणारच, हे त्यात गृहीत धरले आहे.

उंचीइतकेच महत्त्व कोपऱ्यापासूनच्या अंतराला आहे. चाकाच्या खुर्चीची पायटेकणी भिंतीला आधी लागते, त्यामुळे अगदी कोपऱ्यात बसवलेले बटण योग्य उंचीवर असूनही हाती येत नाही. ते कोपऱ्यापासून दीड फूट तरी अलीकडे हवे. बटण रुंद असावे, म्हणजे बोटांत बळ नसले तरी मूठ किंवा कोपर टेकून ते दाबता येते. भिंतीच्या रंगाहून त्याचा रंग वेगळा असावा, म्हणजे दृष्टी अधू असलेल्यास ते दिसते. घरातील सर्व खोल्यांत ते एकाच उंचीवर असावे, म्हणजे अंध व्यक्तीचा हात न चाचपडता तेथे जातो. यांतील एकाही गोष्टीला नव्या घरात जादा खर्च लागत नाही. तीच तार, तेच बटण. फक्त खडूची रेघ फूट-दीड फूट खाली ओढायची.

आता कायद्याकडे पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्याने मान्य केले. सुगम्यतेच्या निकषांनुसार आराखडा नसेल तर आस्थापनांना बांधकामाची परवानगी देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. संबंधित शासकीय गृहनिर्माण योजनांत दिव्यांगांना पाच टक्के आरक्षणही आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे या कायद्याशी विसंगत आहे. सरकारने बंधनकारक नियम करावेत. हा निर्णय देणाऱ्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते.

या सर्वांचे स्वागत करूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या व्यवस्थेचा भर सार्वजनिक इमारतींवर, कार्यालयांवर, स्थानकांवर आहे. घराच्या आतील भिंत मालकाच्या मर्जीवर सोडलेली आहे. त्यामुळे दिव्यांग तरुण लोकलच्या राखीव डब्यातून कल्याणहून मुंबईला जाऊन दिवसभर काम करू शकतो. पण रात्री घरी आल्यावर पंखा लावण्यासाठी त्याला धाकट्या भावाला हाक मारावी लागते. आरक्षणातून घर मिळते. त्या घरातला दिवा मात्र मिळत नाही. प्रतिनिधित्वाची लढाई जिंकूनही रोजचे जगणे परावलंबी राहू शकते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात हा प्रश्न आज तातडीचा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. ठाण्यात क्लस्टर योजनेखाली वस्त्याच्या वस्त्या नव्याने उभ्या राहणार आहेत. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे रमाई आवास योजनेतून स्वतःचे घर बांधत आहेत. पुनर्विकासाच्या सभांना मी गेलो आहे. तेथे चटईक्षेत्र, कॉर्पस निधी, भाडे, पार्किंग यांवर तासन्‌तास चर्चा होते. ती व्हायलाही हवी. परंतु करारनाम्याच्या जोडपत्रात ‘बटणे तीन ते चार फुटांच्या दरम्यान, एमसीबी हाताशी’ ही एक ओळ घालावी, असे कोणी म्हणत नाही. एकदा प्लास्टर झाले, रंग लागला, की पुढची पन्नास वर्षे ती ओळ सुचून उपयोग नाही.

या सूचनेवर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, लहान मुलांचा. बटण खाली आणले तर मूल त्याला हात लावेल. बटण दाबल्याने मुलाला इजा होत नाही. धोका प्लगच्या भोकात काहीतरी खुपसण्याचा असतो. आजवर आपण प्लग जमिनीपासून फुटावर, म्हणजे रांगत्या मुलाच्या अगदी नाकासमोर ठेवत आलो आणि निरुपद्रवी बटण उंचावर! झाकण असलेले, म्हणजे शटरचे सॉकेट आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसवणे, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

दुसरा आक्षेप आपल्या भागातला आणि अनुभवातून आलेला आहे. २६ जुलै २००५ चा पूर कल्याणमधील तळमजल्यावरच्या कोणी विसरलेले नाही. उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी घरांत शिरले, आणि त्यानंतर अनेकांनी विजेची सारी जोडणी वर नेली. ही भीती खरी आहे. पण तीन ते चार फुटांचा पट्टा याही दृष्टीने मधला मार्ग आहे. तळमजल्यावर प्लगसुद्धा फुटावर न ठेवता बटणांच्याच ओळीत तीन फुटांवर आणावेत. त्यामुळे ते पाण्यापासून आजच्यापेक्षा अधिक सुरक्षित राहतील आणि गुडघे दुखणाऱ्या आजीलाही वाकावे लागणार नाही. पाणी चढू लागले की मेन स्विच बंद करणे, हा नियम कोणत्याही उंचीला लागू आहेच.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रेमळ आणि म्हणूनच सर्वांत अवघड आहे. “घरात माणसे आहेत ना! आम्ही दिवा लावून देऊ.” आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतः तथागतांनी केली, ही कथा आपण मुलांना सांगतो. करुणा हा आपल्या धम्माचा पाया आहे. परंतु करुणेला दुसऱ्याच्या परावलंबनाची गरज पडू नये. जेथे माणूस स्वतः करू शकतो, तेथे त्याला करू देणे, हीही करुणाच. अखेरच्या दिवसांत भगवान बुद्धांनी भिक्खूंना स्वतःचाच आधार घेण्याचा उपदेश केला. तेथे आलेल्या ‘दीप’ या पाली शब्दाचा अर्थ बेट असाही होतो आणि दिवा असाही. दुसरा अर्थ आपल्याला अधिक प्रिय आहे. मग ज्यांना घरातला दिवासुद्धा स्वतःच्या हाताने लावता येत नाही, त्यांना आपण तो उपदेश कोणत्या तोंडाने वाचून दाखवायचा?

बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांतील छायाचित्रांत त्यांच्या हातात काठी दिसते. मधुमेह आणि सांधेदुखीने त्यांचे शरीर खचले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लक्षावधी लोकांना धम्मदीक्षा देणारा महामानव आधार घेऊन उभा होता. त्या छायाचित्राला हार घालताना काठी आपल्या नजरेतून सुटते. शरीर थकल्याने माणसाची थोरवी कमी होत नाही, हे ती काठी आपल्याला सांगत असते.

महाराष्ट्रात याचे उदाहरणही आहे. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली आणि दिव्यांग मुलांसाठी ‘घरौंदा’ हे वसतिगृह उभे केले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन आपल्या ग्रंथालयात असावे, असे मला वाटते. वसतिगृह कोणाला डोळ्यांसमोर ठेवून बांधायचे, या प्रश्नाचे उत्तर अशा माणसांकडून घ्यावे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मी तीन विनंत्या करतो. पहिली माजी विद्यार्थ्यांना: तुमच्यापैकी कित्येक जण आज अभियंते, वायरमन, बांधकाम कंत्राटदार, सोसायट्यांचे सचिव आहात. पुढच्या कामाच्या वेळी खडूची रेघ खाली ओढा आणि करारनाम्यात ती एक ओळ घाला. दुसरी पालकांना: आज घरी गेल्यावर एका खुर्चीत बसा आणि बसल्या जागेवरून किती बटणे हाती येतात, ते पाहा. घरात वृद्ध आई-वडील असतील तर त्यांनाच विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत. बदल करायचा झाल्यास परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि कॉलम-बीमला छन्नी लावू देऊ नका. तिसरी विनंती आपल्या संस्थेच्या व्यवस्थापनाला: जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीत, स्वच्छतागृहाबाहेर आणि सभागृहात किमान एक बटण साडेतीन फुटांवर आणावे. लागणाऱ्या खर्चातील माझा वाटा मी आजच देऊ इच्छितो. ती देणगी नव्हे. एका रात्रीची जुनी बाकी आहे.

या समारंभाला माझा तो मुरबाडचा मित्र येणार आहे. आता तो चाकाची खुर्ची वापरतो. रात्री परतायला उशीर होईल, म्हणून आपल्या जुन्या खोलीतच मुक्काम करू, असे मी त्याला फोनवर म्हटले. तो थोडा वेळ थांबला आणि त्याने विचारले, “बटणं अजून तिथंच आहेत का रे?”